अर्जाची इंग्रजी आणि बरोबरीची इंग्रजी

गेल्या हंगामात इंदापूर तालुक्यातील डाळिंबाचे एक व्यापारी आम्हांस भेटावयास आले होते. गृहस्थ धंद्यात मुरलेले, बाजारात ज्यांच्या शब्दाला किंमत आहे असे, आणि वडिलांच्या वेळी पुण्याच्या मार्केट यार्डापलीकडे न गेलेला माल दुबईपर्यंत पोहोचविणारे. बोलता बोलता त्यांनी आपला फोन आमच्यापुढे धरला. दुबईच्या खरेदीदाराने त्यांस इंग्रजीत दोनच शब्द लिहून पाठविले होते : 'एनी न्यूज?' म्हणजे काही खबर आहे की नाही? मालाची गाडी घाटात नादुरुस्त झाली होती, माल बंदरावर एक दिवस उशिराने पोहोचावयाचा होता, आणि तेवढेच कळविले असते तर काम भागले असते. परंतु आपली इंग्रजी चारचौघांत दाखविण्याजोगी नाही या संकोचाने त्यांनी पदवीधर पुतण्यास बोलाविले. पुतण्याने दुपारभर खपून जे पत्र सिद्ध केले त्याच्या आरंभी 'रिस्पेक्टेड सर' होते, मग 'विथ रेफरन्स टु द अबोव्ह सब्जेक्ट' होते, मग 'आय मोस्ट हम्ब्ली बेग टु स्टेट', म्हणजे अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करण्याची भीक मागतो, असे होते. आणि गाडी नादुरुस्त झाल्याची वार्ता दुसऱ्या परिच्छेदाच्या अखेरीस होती. पत्र गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. खरेदीदाराने तोपर्यंत दुसरीकडे सौदा ठरविला होता.

नुकसान किती झाले हे त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. त्यांनी मात्र आम्हांस एक प्रश्न विचारला : "पोरगा पंधरा वर्षे इंग्रजी शिकला, मग त्याला दोन ओळी साध्या का लिहिता येऊ नयेत?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा नीटसे देता आले नाही, ते आज देण्याचा प्रयत्न करीत आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, पुतण्याचा यात काडीमात्र दोष नाही. त्याला जे शिकविले तेच त्याने लिहिले, आणि परीक्षकापुढे ते पत्र गेले असते तर त्यास चांगले गुण मिळाले असते. महाराष्ट्रात इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविण्यास २००० साली आरंभ झाला. त्याला आता पाव शतक उलटून गेले. त्यापूर्वी पाचवीपासून इंग्रजी सुरू होत असे. म्हणजे वर्षे वाढली, पुस्तके वाढली, तासही वाढले. पत्रलेखन हा प्रकार तर अभ्यासक्रमात कधीचाच आहे. औपचारिक पत्र व अनौपचारिक पत्र असे त्याचे दोन भागही पाडलेले आहेत. पण हे अनौपचारिक पत्र म्हणजे काय चीज आहे हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने बाजारातील कोणतेही गाईड उघडावे. मित्राने परीक्षेत यश मिळविल्याबद्दल त्याचे अभिनंदन करा. मामांनी घड्याळ पाठविले त्याबद्दल त्यांचे आभार माना. पत्र लिहिणाऱ्याचे नाव 'अ. ब. क.', गाव कोणतेही, मामा काल्पनिक, घड्याळही काल्पनिक. पहिले वाक्य ठरलेले : मी येथे खुशाल आहे, तूही तेथे खुशाल असशील अशी आशा करतो. शेवटचे वाक्य ठरलेले : घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद. मधल्या चार ओळी पाठ करावयाच्या. ज्या मुलाने जन्मात कोणास पत्र लिहिले नाही व ज्यास कोणाचे पत्र आले नाही, त्याच्याकडून आपण नसलेल्या मामाचे आभार पाठांतराने मानून घेतो, आणि त्यास अनौपचारिक लेखन असे नाव देतो. अनौपचारिकपणाचा याहून औपचारिक प्रकार आमच्या पाहण्यात नाही.

ही गोष्ट अशी का झाली याचा शोध घेऊ लागले म्हणजे कचेरीच्या दारापर्यंत जावे लागते. १८१८ साली पेशवाई बुडाली व कंपनी सरकारचा अंमल बसला, तेव्हा आमच्या लोकांस इंग्रजीची पहिली ओळख झाली ती राज्यकर्त्याची भाषा म्हणून. तीत लिहावयाचे ते साहेबास, आणि साहेबास लिहावयाचे ते काहीतरी मागण्यासाठी किंवा कशाची तरी माफी मागण्यासाठी. सूट मागावयाची, नोकरी मागावयाची, बदली टाळावयाची, हे सारे अर्जाने. अशा भाषेत 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' हे बिरुद अखेरीस येणारच. साहेब १९४७ साली गेला, बिरुद राहिले. आजही शाळेतील मुलगा तापाने आजारी पडून दोन दिवस गैरहजर राहिला तर त्याच्या रजेच्या अर्जात तो 'युवर ओबीडिअंट' असतो.

दुसरी इंग्रजी आम्ही शिकलो ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. त्या पुस्तकांचे उपकार महाराष्ट्रावर फार मोठे आहेत. अनेक पिढ्यांचे व्याकरण त्यांनी घडविले आणि खेड्यापाड्यांतील मुलांस शिक्षकावाचून इंग्रजीची वाट दाखविली. परंतु सुटे मराठी वाक्य घेऊन त्याचे सुटे इंग्रजी वाक्य करावयाचे, या पद्धतीत एक उणीव राहते. ते वाक्य कोणी कोणास म्हटले, थट्टेने की रागाने, मित्रास की मालकास, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. वाक्य शुद्ध उतरले म्हणजे झाले.

तिसरी इंग्रजी तारेची. 'स्टार्ट इमिजिएटली', 'फादर सीरियस', आणि व्यापाऱ्यांच्या बाबतीत भाव व पोती यांचे आकडे. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे तिने लोकांस थोडक्यात लिहावयास शिकविले, हा तिचा गुण होता. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले व ती शाळाही मिटली.

चौथी इंग्रजी सभेची व वर्तमानपत्राची. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत; १८८८ साली निघालेल्या 'सुधारका'त आगरकर मराठी लिहीत व गोखले इंग्रजी. सार्वजनिक लिहिण्याची इंग्रजी आमच्यातील थोर माणसांनी अशा थराला नेली की, प्रत्यक्ष इंग्रजांनी तिला मान दिला. राहिली ती एकच : शेजाऱ्याशी, मित्राशी, बरोबरीच्या सौदागराशी ज्या भाषेत बोलावे ती साधी, मोकळी, अंगवळणी पडलेली इंग्रजी. अर्ज करता येतो, भाषण करता येते, निबंध लिहिता येतो. पण 'उद्या येतो, चहा ठेव' हे लिहिता येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की, हा केवळ भाषेच्या एका प्रकाराचा अभाव नव्हे. अर्जाची भाषा खालून वर पाहणाऱ्याची असते. अनौपचारिक भाषा समोरासमोर पाहणाऱ्याची असते. जो समाज परक्या भाषेत केवळ अर्जच लिहावयास शिकतो, तो त्या भाषेतील प्रत्येक माणसास नकळत साहेब समजू लागतो. दुबईचा तो खरेदीदार कोणी साहेब नव्हता. त्याला डाळिंबे हवी होती, आमच्या माणसाजवळ ती होती. दोघेही सारखेच गरजवंत. आणि गंमत अशी की, त्या बाजारातील बरेचसे खरेदीदार केरळचे, सिंधचे, गुजरातचे किंवा अरब असतात, म्हणजे इंग्रजी ही त्यांचीही मातृभाषा नव्हे. द्राक्षाचा कंटेनर रोटरडॅमला उतरवून घेणारा डच मनुष्यही इंग्रजी शाळेतच शिकलेला असतो. ज्याने ती स्वतः कष्टाने मिळविली त्याच्यापुढे आपण भीक मागण्याची क्रियापदे वापरावी, हा विनोदच म्हटला पाहिजे.

आता कोणी म्हणेल की, आपली संस्कृती मानपानाची; आपल्या मराठी पत्रांतही मायने, उपचार काय थोडे होते? श्रीमंतांस शिरसाष्टांग, तीर्थरूपांस साष्टांग, चिरंजीवास आशीर्वाद. येथील क्षेम कळवून तिकडील क्षेम विचारावयाचे आणि अखेरीस लोभ मागावयाचा. गाईडातील ते 'मी येथे खुशाल आहे' हे वाक्य म्हणजे याच मायन्याचे इंग्रजी सोंग होय, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. हे सर्व खरे आहे. बारामतीकरांस तर भाषेचे अलंकार कोणी शिकवावयास नको; ज्या गावात मोरोपंतांनी आयुष्य घालविले व १७९४ साली देह ठेवला, तेथील मातीतच यमके आहेत. परंतु मायन्याच्या पत्राबरोबर आपल्याकडे चिठ्ठी हाही प्रकार होता, हे विसरून चालणार नाही. आडत्याने गाडीवानाबरोबर मोडीत लिहून दिलेली दोन ओळींची चिठ्ठी आठवा : माल पाठविला आहे, उतरून घेणे, हिशेब मागाहून. तीत मायना नाही, पण उद्धटपणाही नाही. आमचे व्यापारी चिठ्ठी लिहिण्यात कधीच कच्चे नव्हते. इंग्रजीत लिहावयाची वेळ आली म्हणजे मात्र ते चिठ्ठी विसरतात व अर्ज काढतात.

यात एक खरी अडचण आहे, आणि तिच्याकडे इंग्रजीच्या शिक्षकांनी अद्याप जावे तितके लक्ष दिलेले नाही. मराठीत आदर सर्वनामांत व क्रियापदांत असतो. तू, तुम्ही, आपण. ये, या, यावे, यावयाचे करावे. इंग्रजीत 'यू' हा एकच शब्द बापास, बायकोस व न्यायाधीशास सारखाच. मराठी मुलगा तो शब्द लिहितो तेव्हा त्याला वाटते की आपण समोरच्यास अरेतुरे करीत आहो, आणि ती चूक भरून काढण्यासाठी तो 'रिस्पेक्टेड', 'काइंडली', 'सर' यांची भर घालीत सुटतो. उलट काही जण दुसऱ्या टोकास जातात. मराठीत 'कागद पाठवा' असे म्हटले तर ते पुरेसे सभ्य असते, कारण सभ्यता 'पाठवा' यातील 'वा'मध्ये आहे. 'कृपया' हा शब्द आपण घरात कधी उच्चारीत नाही, तो 'कृपया येथे थुंकू नये' अशा पाट्यांसाठी राखून ठेवलेला आहे. तेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की 'सेंड द पेपर्स' होते, व तिकडील वाचणाऱ्यास तो हुकूम वाटतो. लिहिणारा मनाने अगदी सौम्य. कागदावर मात्र जमादार.

मग मार्दव इंग्रजीत आणावे कसे? याची किल्ली पुष्कळदा मराठीतच सापडते, आणि ती मुलांच्या हाती दिली तर त्यांस फार लवकर समजते. आपण कोणाच्या घरी जाऊन म्हणतो, "आपल्याकडे जरा एक काम होते." काम होते? काम तर आताच आहे. पण भूतकाळ वापरला की मागणी मवाळ होते, समोरच्यास नाही म्हणावयास जागा राहते. इंग्रजी मनुष्य 'आय वॉन्टेड टु आस्क', म्हणजे मला विचारावयाचे होते, असे लिहितो त्यातील मर्म हेच. आपला 'जरा' म्हणजे त्याचा 'जस्ट'. "तेवढी वही देतोस का?" यातील 'का' जे काम करतो ते त्याच्या 'कुड यू'कडून होते. तसेच 'काम केले' आणि 'काम करून टाकले' यांतील भेद इंदापूरच्या सातवीतील मुलीसही कळतो. पहिले सांगणे आहे, दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास आहे. इंग्रजीत क्रियापदास 'ऑफ', 'अप', 'आउट' असे लहान शब्द जोडून बोलीभाषा जी रंगत आणते, ती अगदी हीच नसली तरी याच जातीची आहे. 'पोस्टपोन' हे कचेरीचे. 'पुट ऑफ' हे घरचे. आमच्या शाळा पहिले शिकवितात, व दुसरे लिहिले तर त्याखाली लाल रेघ ओढतात. 'डोन्ट', 'आयल' अशी जोडरूपे वहीत दिसली की काही गुरुजींचा पारा चढतो. घरात ते स्वतः 'काय करतो आहेस' न म्हणता 'काय करतोयस' म्हणतात, याची त्यांस आठवण नसावी.

ही विद्या आमच्या लोकांच्या हाती येण्यासारखी नाही असे ज्यांस वाटते त्यांनी आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पाहावे. आनंदीबाई डॉक्टर झाल्या हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या विलायतगमनाचा पाया एका पत्रव्यवहाराने घातला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातील नोकर. पत्नीच्या शिक्षणासंबंधी त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील एका मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातील कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता ते वाचले, आणि १८८० च्या सुमारास आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तेव्हा आनंदीबाईंचे वय पंधरा. इंग्रजी नुकतीच शिकलेली, आणि समोरची बाई सातासमुद्रापलीकडची व कधी न पाहिलेली. पण पत्रांत अर्ज नाही, आर्जव नाही. आपल्याकडील चालीरीती, बालविवाहासारख्या रूढी, स्त्रियांची स्थिती, हिंदू घरातील व्यवहार यांविषयी त्या मोकळेपणाने लिहीत. आणि कार्पेंटरबाईंस त्यांनी मावशी केले.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. परक्या भाषेत नाते कसे लिहावे, या प्रश्नास त्या मुलीने काढलेले उत्तर पाहा. तिने साहेबीण म्हटले नाही, नुसते नावही घेतले नाही. आपल्या घरातले नाते काढून इंग्रजी शब्दात घातले. तिच्या इंग्रजीत मराठीपणा होता आणि तो दोष ठरला नाही. १८८३ च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला घ्यावयास मावशीच आली होती. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेशासाठी जो अर्ज करावा लागला तोही तिने रीतसर केला; म्हणजे तिला दोन्ही इंग्रजी येत होत्या व कोणती कोठे वापरावी हे कळत होते. १८८६ साली ती डॉक्टर झाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यास वारली. तिची रक्षा कार्पेंटर घराण्याच्या स्मशानभूमीत, न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आहे.

शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका मुलीला जे साधले ते आज बारामती-इंदापुरातील हजारो मुलामुलींस साधावयास पाहिजे, कारण आज त्याची गरज शौकाची राहिलेली नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत; तीनचाकी गाड्या तेथे होतात व चॉकलेटेही होतात. वालचंदनगरचे यंत्रकाम देशोदेशी जाते. अशा ठिकाणी नोकरीस लागलेल्या आमच्या तरुणास साठीच्या वरिष्ठास नुसत्या नावाने संबोधून चार ओळी लिहाव्या लागतात, आणि त्याचा हात धजत नाही. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहावयास येणाऱ्यांस नावेतून हिंडविणारे मच्छीमारांचे मुलगे आमच्या मते या बाबतीत पदवीधरांच्या पुढे आहेत. 'पक्षी आले, पहाटे साडेपाचला या, जाड कपडे आणा' एवढे ते मोडक्या इंग्रजीत फोनवर लिहितात, पाहुणा येतो, व पुढल्या वर्षी मित्रास घेऊन पुन्हा येतो. त्यांस कोणी अर्ज शिकविला नाही, हे त्यांचे भाग्य.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, ढिलाई दिली तर अशुद्धता माजेल. मुले आधीच शब्दांची अक्षरे गाळून लिहितात. पण अनौपचारिक म्हणजे गबाळे नव्हे. धोतर सोडून लेंगा घातला म्हणून मनुष्य उघडा होत नाही. "आई, पोहोचलो. जेवलो. काळजी करू नकोस." यात शुद्धलेखनाची एक तरी चूक काढून दाखवावी.

दुसरा आक्षेप मराठीच्या अभिमान्यांचा. मराठीच नीट लिहिता येत नाही तेथे इंग्रजीतील गप्पा कशास? या आक्षेपातील पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, आणि म्हणूनच आमचे म्हणणे असे की आरंभ मराठीपासूनच करावा. ज्यास आपल्या भाषेत शेजाऱ्यास साधी चिठ्ठी लिहिता येते त्यासच ती दुसऱ्या भाषेत लिहिता येईल. आज मराठीच्या तासालाही मुले तोच काल्पनिक मामा पुजतात.

तिसरा आक्षेप अगदी नवा आहे. आता फोनमधील यंत्रच हवे तसे पत्र क्षणात लिहून देते. मग शिकण्याचा खटाटोप कशाला? यंत्राचा उपयोग करू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु कचेरीच्या दाराशी बसणारा अर्जनवीस आमच्या वडील पिढीने पाहिलेला आहे. शेतकरी आपले गाऱ्हाणे सांगे, अर्जनवीस काहीतरी लिही, आणि शेतकरी त्याखाली अंगठा उठवी. आत काय लिहिले आहे, आर्जव जास्त झाले की उर्मटपणा, हे त्या बिचाऱ्यास कळावयास मार्ग नव्हता. ज्यास स्वर ओळखता येत नाही त्याच्या हाती यंत्राचे पत्रही तसेच. इंग्रजी पंधरा वर्षे शिकून अखेरीस अंगठाच उठवावयाचा असेल तर गोष्ट वेगळी.

उपाय म्हणून आम्ही फार मोठी योजना सुचवीत नाही. आठवड्यातून एक तास, इयत्ता आठवीपासून, मुलांनी खऱ्या माणसास खरी गोष्ट लिहावी. एकाच वर्गातल्या दोघांनी एकमेकांस इंग्रजीत लिहिणे नाटकी होते, कारण त्यांस मराठी येत असते. म्हणून इंदापूरच्या शाळेने केरळातील किंवा नागालँडातील एखाद्या शाळेशी गाठ घालावी, जेथील मुलांस मराठी येत नाही व आपल्या मुलांस त्यांची भाषा येत नाही. मग इंग्रजीचे खरे काम पडेल. उसाचे पाचट का जाळू नये, तिकडे पाऊस किती पडतो, तुमच्याकडे डब्यात काय असते, असे प्रश्न ज्यास विचारावयाचे आहेत त्यास शब्द शोधावेच लागतात. शिक्षकाने लाल शाई बाजूस ठेवून मुलाने काय लिहिले आहे त्यास दोन ओळींचे उत्तर लिहावे. चूक दाखवावयाची ती दर खेपेस एकच, आणि तीही अर्थ बिघडविणारी. गुण देऊ नयेत. गुण आले की मामा परत येतो.

बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानच्या शाळा-महाविद्यालये आहेत. तेथील वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी व्यापाऱ्यांसाठी संध्याकाळी तासभर असा वर्ग चालविला तर दोघांचाही फायदा होईल. व्यापाऱ्यांनी आपले फोन घेऊन यावे. आलेले खरे निरोप पुढे ठेवावे. आणि उत्तर आधी तोंडाने मराठीत सांगून मग ते तितक्याच शब्दांत इंग्रजीत उतरवावे. माल चांगला आहे पण भाव परवडत नाही, हे ग्राहक न तुटता कसे लिहावे. पैसे थकले आहेत, हे संबंध न बिघडता कसे लिहावे. चूक आपली असेल तर ती एका ओळीत कशी कबूल करावी : या तीन गोष्टी साधल्या तरी हंगामात पुष्कळ काम होईल. विद्यार्थ्यांस धंदा कळेल, आणि व्यापाऱ्यांस हे कळेल की आपली इंग्रजी आपण समजत होतो तितकी वाईट नाही.

वर सांगितलेल्या व्यापाऱ्यांस आम्ही हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांनी वर्गासाठी आपली मागची खोली देऊ केली आहे. पंखा व बाके आहेत, फळा मात्र आणावा लागेल. डाळिंबाचा नवा तोडा सुरू होण्यास अजून सहा आठवडे आहेत.